बट्ट्याची पायरी

तांबट आळीत शिरलं की डाव्या हाताला कालिकेचं देऊळ लागतं. त्याच्या तिसऱ्या पायरीला परातीएवढा खळगा पडला आहे. पाणी साचलेलं दिसलं की पाहुणे तिथे पाय धुवायला जातात. तेवढं मात्र करू नये. ती बट्ट्याची पायरी.

खळग्यातला पहिला घाव गिरजाईचा, असं सांगतात. नवऱ्यामागे भट्टी तिनेच चालवली. मोडीचं, म्हणजे जुन्या फुटक्या भांड्यांचं, तांबं ती दोनदा गाळी, मळी काढी, त्यामुळे कोळसा इतरांच्या दुप्पट जाई. पण माल घेणारा भानाशेट सगळ्यांना एकच भाव देई.

"गिरजाबाई, दोनदा गाळा नाहीतर गंगेत न्हाऊ घाला. तांबं ते तांबं."

मग आळीने खुशाल शिसं मिसळायला घेतलं. गिरजाईला मात्र त्या भावात दसऱ्यापुढे भट्टी पेटवता येणार नव्हती.

शेवटी तिने शेटला पायरीवर बोलावलं. देवीला म्हणाली म्हणे, "माल खरं बोलेल, मीही बोलेन." शेजाऱ्याच्या तांब्याच्या विटेचा तुकडा ठोकला, तो कडांना तडकला. तिच्या दोन विटांचे तुकडे ठोकले, ते पिंपळपानासारखे पसरले. एक चीर नाही.

शेटने तुकडे उलटून पाहिले. "बरं. तुमच्या सगळ्या विटांना चढ भाव देतो."

भट्टी वाचली होती. एवढ्यात गिरजाईची नजर आपल्या ढिगाच्या तळच्या विटेवर गेली. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? तिने ती वीट ओढून बाजूला ठेवली.

"हिच्यात आमच्या जाऊबाईंनी डाग देऊन सांधलेला हंडा तसाच टाकला. डागाचं शिसं उतरलंय. हिच्या भावात बट्टा कापा."

"न ठोकताच?"

"मला ठाऊक असताना ठोकायची कशाला?"

शेटने मग त्या विटेचा भाव उतरवला आणि बाकीच्यांना, एकही न ठोकता, चढ दिला.

"बट्टा विटेला लागला, बाई. नावाला नाही."

असं सांगतात, की त्या आठवड्यात लोणाऱ्याकडचा कोळसा संपला. सगळी आळी दोनदा गाळायला लागली होती.

आजही इथे मोड विकणारा वजनाआधी पायरीला हात लावून मालातली खोट आपल्या तोंडाने सांगतो. सांगितली तर बट्टा तेवढाच; घेणाऱ्याने पायरीवर ठोकून शोधली तर दुप्पट. आळीतली लग्नंही इथेच ठरतात. गेल्या माघात मुरारी तांबटांच्या सुलभेने बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला स्वयंपाक येत नाही." मुलाने थोडा विचार केला, पायरीला हात लावला आणि म्हणाला, "मी घोरतो."

वैशाखात लग्न झालं.