केरबाचं विकेंद्रीकरण

आंबेवळण गावात केरबा नावाचा एक भोळा समाजसेवक होऊन गेला. त्याला सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा, पण पुरतं करायचा. गावच्या मदत केंद्रात तो कामाला होता. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचे, अडल्यानडल्याची विचारपूस करायची. केंद्र होतं इंदुमतीताईंचं. त्या तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायच्या. उरलेले पाच दिवस केंद्र केरबाच्या हाती असायचं.

पहिल्याच आठवड्यात ताईंनी त्याला म्हाताऱ्या हौसाबाईंकडे धाडलं. त्यांची अडचण समजून घे आणि लगेच कळव, म्हणाल्या. कुणाला कळव, हे सांगायचं राहिलं. केरबाने गावाच्या ग्रुपवर कळवलं, फोटोसकट: 'हौसाबाईंची सून त्यांना शिळं वाढते.' दुपारपर्यंत सून माहेरी गेली. आता हौसाबाईंना शिळंही मिळेना.

ताईंनी कपाळाला हात लावला. लोकांचं सांगणं गुप्त ठेवायचं असतं, म्हणाल्या. नाव नाही, गाव नाही, काही नाही. केरबाने मान डोलावली.

मग आलं डोळे तपासायचं शिबिर. केरबाने ग्रुपवर लिहिलं, 'एका गावात एका दिवशी एका अवयवाची तपासणी आहे. जास्त विचारू नये.' कुणी विचारलं नाही. डॉक्टर दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसले आणि शाळेच्या शिपायाचेच डोळे दोनदा तपासून गेले.

शिबिर गुप्त नसतं रे, ताई म्हणाल्या. माणसाचं खाजगी तेवढं जपायचं. त्याच्या लेखी संमतीशिवाय कशाला हात लावायचा नाही.

दोन दिवसांनी शिवलिंग गवळी शेणाच्या खड्ड्यात पडला. छातीपर्यंत रुतला. केरबा धावत गेला.

"केरबा, हात दे."

"आधी सही द्या."

त्याने फॉर्म आणि पेन खाली सोडलं. पेन शेणात बुडालं. केरबाने दुसरं आणलं. शिवलिंगने शिव्या देत सही केली. मग केरबाच्या लक्षात आलं की दोन साक्षीदारही लागतात. तो साक्षीदार घेऊन आला. त्या अडाण्यांनी सही करायच्या आधीच शिवलिंगला ओढून वर काढलं. फॉर्म अपुरा राहिला याचं केरबाला फार वाईट वाटलं.

पुढे ताई शहरात प्रशिक्षणाला जाऊन आल्या. नवीन इंटरनेटचं प्रशिक्षण होतं. आल्या त्या उत्साहात. आता जमाना विकेंद्रित आहे, त्यांनी केरबाला समजावलं. सगळं एका जागी ठेवायचे दिवस गेले. ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, मध्ये कुणी बसायचं नाही.

ताई गेल्यावर केरबा कामाला लागला. एकशेचाळीस घरांच्या फायली एकशेचाळीस घरी पोचल्या. मग संगणक सुटा केला. पडदा सरपंचांकडे दिला, कीबोर्ड शिंप्याकडे. माऊस म्हणजे उंदीर, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो मांजर नसलेल्या घरी दिला. खुर्च्या गेल्या, छपराचे पत्रेही गेले. मध्ये कुणी बसायला जागाच उरली नाही.

त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. केंद्र ठेवायचं की बंद करायचं, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. बंद झालं तर एकेका अर्जासाठी गावाला बावीस किलोमीटर जावं लागणार. ताईंनी चार उघड्या भिंती पाहिल्या आणि त्या तिथेच खाली बसल्या.

साहेबांनी केंद्र कुठे आहे म्हणून विचारलं.

"गावभर आहे," केरबा म्हणाला. "चला."

साहेब घरोघर हिंडले. फाईल पाहायला गेले की चहा यायचा, चहाबरोबर गाऱ्हाणं यायचं. नोकरीच्या चोवीस वर्षांत इतकी गाऱ्हाणी त्यांनी ऐकली नव्हती. सातव्या चहानंतर ते विरघळले. त्यांनी तिथेच शेरा लिहिला: 'हे केंद्र खरोखर घराघरात पोहोचले आहे. चालू ठेवावे.' खाली सही, शिक्का. मूळ प्रत आठ दिवसांत जिल्ह्याला पाठवायची होती.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कागद केरबाच्या हाती दिला आणि त्या म्हणाल्या, "केरबा, हा मान माझा एकटीचा नाही. यात सगळ्या गावाचा वाटा आहे."

केरबाने मान डोलावली.

त्या आठवड्यात ताईंच्या दोन्ही फेऱ्या चुकल्या. आठव्या दिवशी त्या प्रत न्यायला आल्या. केरबा कात्री पुसत बसला होता.

"वाटप पुरं झालं ताई," तो म्हणाला. "एकशेएक्केचाळीस तुकडे केले. सही सरपंचांकडे गेली, शिक्का हौसाबाईंकडे. तुमच्या वाट्याला कडेचा कोरा कागद आलाय. मला काही ठेवलं नाही. मी पगारी माणूस."