वादळाची वाटणी

यंत्रं माणसांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका हवामान कचेरीत कपाटाएवढे तीन संगणक भाऊ राहत. सगळं गणित थोरला एकटाच करी. धाकटे दोघे गार हवेत पेंगत असत.

एका दुपारी समुद्र दुधासारखा पांढुरका आणि गप्प झाला.

"वादळ येतंय," कचेरीतल्या मालिनीबाई म्हणाल्या. "कोळ्यांच्या होड्या बाहेर आहेत. त्यांना कोणत्या बंदरात बोलवू, लवकर सांगा."

थोरला मोजू लागला. मोजता मोजता तापला, तरी उत्तर येईना.

"दादा, थोडं आम्हाला दे ना," सर्वांत धाकटा म्हणाला.

"वाटून दिलं, तर ते माझं गणित कसं राहील?"

"आणि होड्याच राहिल्या नाहीत, तर?"

थोरल्याने गणिताचे तीन भाग केले. मग त्याने वारा मधल्याला दिला, लाटा धाकट्याला दिल्या आणि ढग स्वतःकडे ठेवले. तिघे एकाच वेळी मोजू लागले, अडलं की एकमेकांना विचारू लागले. दूरवर कुणी अंगाई म्हणावी तशी गुणगुण खोलीभर पसरली.

"दक्षिणेचं बंदर," उत्तर आलं.

संध्याकाळी वादळ उत्तरेला धडकलं. दक्षिणेच्या खाडीत सगळ्या होड्या हलकेच डुलत होत्या.

"कोणी शोधलं रे हे?" मालिनीबाईंनी विचारलं.

"आम्ही," थोरला म्हणाला.