चाकामागचा दगड

सन १९७८, मार्गशीर्ष महिना. घाटाच्या चढावर नारळांनी भरलेल्या ट्रकचा ब्रेक निकामी झाला. ड्रायव्हर सदबाने चाकामागे एक दगड लावला.

"दगडबाबा, सोडू नका. मागे दरी आहे," ट्रक म्हणाला.

"गप उभा राहा, लेका. पण जाताना मला कडेला ठेव. वाटेत राहिलो तर एखादा सायकलवाला माझ्यावर आपटून मरेल."

"ठेवतो, बाबा."

सदबाने ब्रेक दुरुस्त केला आणि दगड तसाच ठेवून तो गाडीत चढला. ट्रक काही केल्या सुरू होईना.

"आता कशाला रुसलास, राजा?" म्हणत सदबा खाली उतरला. मागे जाताना दगडाला ठेचकाळला. शिव्या घालत त्याने दगड उचलून कडेला ठेवला.

ट्रक लगेच सुरू झाला. त्याचं देणं फिटलं होतं.