सटवा मोटशिव्याची तहान

फार वर्षांपूर्वी, इंग्रज वर होता आणि पाणी फार खाली होतं, तेव्हा निंबोळे गावात सटवा मोटशिव्या राहायचा. मोटशिवे म्हणजे विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवणारी माणसं. सटवाची मोट थेंबभर गळत नसे. असं म्हणतात, तिच्यात एकदा बैल पडला आणि पोहून बाहेर आला. माझा आजा दोन बैल सांगायचा. आपण एकच धरू.

मोट सटवाची. ती दिवसभर पाण्यात बुडायची, त्या पाण्यानं गावाचे रांजण भरायचे. सटवाचा हात मात्र पाण्याला चालत नसे. त्यानं वीस पावलांवर ओंजळ धरून बसायचं, आणि कुणाला सवड झाली तर वरून धार धरायची. असं म्हणतात, एकदा तो इतका वेळ बसला, की चिमणीनं त्या ओंजळीत घरटं बांधून पिल्लं उडवली.

मग विलायतेत नवा कायदा व्हायला लागला. गावांनी ज्या जाती दूर ठेवल्या त्यांची यादी करायची, आणि यादीतल्यांना कौन्सिलात राखीव जागा द्यायच्या. दूर ठेवलंय हे कळायचं कसं? तर साहेबानं पाणवठ्यावर जाऊन डोळ्यांनी बघायचं. मोटशिवे एका तालुक्यापुरतेच, म्हणून त्यांच्यासाठी साहेब एकच गाव बघणार होता. निंबोळे.

दौलतराव पाटलानं सटवाला बोलावलं.

"उद्या साहेबासमोर आपल्या हातानं पाणी प्यायचंस."

"आन् परवा, पाटील?"

"परवाचं परवा बघू. आणि साहेबापुढं तोंड उघडलंस, तर तुमच्या आळीला धार धरायला या गावात माणूस उरणार नाही."

सटवा घरी आला, बायकोला म्हणाला, "चिमे, उद्या प्यालो तर कागदावर आपली समदी जात पिनारी. आन् परवापास्नं पुन्हा ओंजळ."

"मग काय करनार?"

"बोलू नको म्हनलाय. बोलनार न्हाई. पिनारबी न्हाई. साहेबाला डोळं हायत न्हवं?"

"डोळं पाटलालाबी हायत," चिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीला आंब्याची तोरणं लावली होती. मोटेचं पाणी पडतं ते दगडी कुंड काठोकाठ भरलं होतं. चैत्रातलं ऊन. साहेब छत्रीखाली खुर्चीवर बसला, शेजारी कारकून.

"आमच्या गावात भेदभाव नाही, साहेब," पाटील म्हणाला. "पी रे सटवा घरच्यासारखा, लाजतोस काय."

सटवा कुंडाच्या काठाशी बसला. पाणी हाताच्या अंतरावर. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि साहेबाकडं बघत राहिला.

असं म्हणतात, त्या दिवशी इतकं तापलं, की साहेबाच्या दौतीतली शाई तीनदा वाळली. विहिरीतले बेडूक काठावर येऊन बसले, कारण आत पाणी उकळत होतं. साहेब सात पेले पाणी प्याला. सटवाची जीभ चामड्यासारखी झाली, दाभण घेऊन कुणी शिवली असती तरी रक्त आलं नसतं. कारकुनानं विचारलं, "का रे, पीत का नाहीस?" सटवा गप्प. पाटील हसून म्हणाला, "पोट भरलं असेल."

दिवस मावळला. साहेबानं दोन ओळी लिहिल्या आणि घोड्यावर बसला. त्या ओळी कारकुनानं जाता जाता पाटलाला वाचून दाखवल्या, सटवाही तिथंच होता.

"विहीर सर्वांस खुली आहे. त्या माणसास तहान नव्हती."

सटवानं कुंडाचं तोंड मोकळं केलं. असं म्हणतात, ते पाणी पाटलाच्या दारावरून गेलं, देवळापुढून गेलं, कुठं जिरलं नाही, आणि मोटशिव्यांच्या आळीत येऊन थांबलं. आळी प्याली. सटवा प्याला नाही. दाभण कमरेला खोचून तो माळानं निघून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून निंबोळ्याची एकूण एक मोट गळायला लागली. पाटलानं चार गावचे कारागीर आणले. त्यांच्याही गळल्या. हे मी वाढवून सांगत नाही, इतर वाढवतात.

यादी निघाली. मोटशिव्यांचं नाव तीत नव्हतं. इंग्रज गेला, तरी नव्हतं. आळीनं अर्ज केले, नातवांनी केले. दर वेळी कुणीतरी कपाटातून तोच कागद काढायचा, त्या दोन ओळींवर बोट ठेवायचा आणि अर्ज परत करायचा. सटवानं दिवसभर उन्हात बसून दिलेली साक्ष त्याच्याच लोकांविरुद्ध उभी राहिली.

आता विहिरीवर इंजिन आहे, मोट कुणी शिवत नाही. पण चैत्रातल्या त्या दिवशी आळीतली माणसं असतील तिथून निंबोळ्याला येतात. सकाळी खारट पिठलं-भाकरी खातात आणि दिवसभर पाणी पीत नाहीत. मावळतीला सगळी कुंडाभोवती बसतात. थोरल्या म्हातारीपासून कडेवरच्या लेकरापर्यंत प्रत्येकानं एकेक करून मोठ्यानं सांगायचं, लेकराच्या वतीनं आईनं सांगायचं. जमलेल्यांतला एकजण ते वहीत नावासकट लिहून घेतो.

"मला तहान लागली होती."

मग पाणी.