आबासाहेबांचं बोट

पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहिलेले आबासाहेब वाघचौरे गावच्या डेअरीच्या आवारात गरजले, “निवडून आलो की हे फॅटचं यंत्र पहिलं उकिरड्यावर! माझ्या वडलांनी बोट बुडवून दूध पारखलं. कधी चुकले?”

टाळ्या कडाडल्या. डेअरीला दूध घालणाऱ्या हौसाबाईनं मात्र टाळी वाजवली नाही. त्याच बोटानं तिचं निर्भेळ दूध वीस वर्षं पातळ ठरवलं होतं. ती उठली. “आबा, मग आज तुम्हीच पारखा की.”

तिनं डेअरीच्या सचिवाच्या कानात काही सांगितलं. त्यानं आतून दूध आणलं, एक चकचकीत स्टीलच्या पेल्यात, दुसरं पोचे आलेल्या अॅल्युमिनियमच्या वाटीत. कार्यकर्ते बाह्या सरसावून बाईभोवती उभे राहिले.

आबांनी दोन्हींत बोट बुडवून चाटलं. “पेल्यातलं अस्सल! वाटीत निम्मं पाणी.”

हौसाबाईनं पेला आणि वाटी शेजारी शेजारी ठेवली.

“दोन्ही एकाच कॅनमधलं आहे, आबा. सकाळी तुमच्याच घरून आलेल्या कॅनमधलं. विचारा सचिवांना. यंत्र दूध मोजतं, तुमच्या घराण्याचं बोट भांडं मोजतं.”