पाणवठ्याचे दोन उमेदवार

फार मागे, रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती तेव्हा, एका नदीच्या दोन्ही काठांवरची जनावरं मिळून पाणवठ्याचा राखणदार निवडत. आधी प्रत्येक काठानं आपला एक उमेदवार ठरवायचा आणि मग साऱ्या रानानं त्या दोघांतल्या एकाला कौल द्यायचा, अशी रीत होती.

त्या उन्हाळ्यात नदी आटून डबक्याएवढी उरली. नीलगाय राखणदार व्हावी असं बहुतेकांना वाटे, कारण ती कुणालाच तहानलेलं परत पाठवत नसे.

कौलाच्या सकाळी म्हातारी हरिणी पाणवठ्यावर आली आणि जागीच थिजली. खडकावर एकीकडे रानडुक्कर उभं होतं, दुसरीकडे तरस. "पलीकडच्यांना थेंबही मिळणार नाही!" असं दोघंही ओरडत होती.

"आपली नीलगाय कुठंय?" हरिणीनं विचारलं.

"ती आपल्याच काठावर हरली, आत्या," ससा म्हणाला. "उमेदवार ठरवायला डुकरांचा कळप तेवढा आला होता. ही पलीकडच्यांनाही पाणी देईल, म्हणून त्यांनी तिला पाडलं. पलीकडेही तसंच झालं."

"आणि आपण सगळे कुठं होतो?"

"चरायला गेलो होतो. म्हटलं, खरा कौल तर आज आहे."

हरिणी म्हणाली, "अरे, पण यांतलं कुणीच नको होतं आपल्याला!"

कौल देणाऱ्यांची रांग पुढं सरकली. तिच्यात नीलगायही होती. खडकाजवळ येताच ती थांबली आणि म्हणाली, "यांतलं कमी वाईट कोण, सांगता का कुणी?"