अस्वलाची मोकळी जागा

फार जुनी गोष्ट. बर्फाळ जंगलात सगळ्यांत मोठा प्राणी मी, अस्वल. आणि सगळ्यांत भित्राही मीच. शेजारच्या बिळात ससा शिंकला तरी माझी झोप उडायची. "सगळे माझ्या वाईटावर आहेत," असं मी बायकोला रोज सांगायचो.

एके दिवशी मी त्याला म्हणालो, "ससेभाऊ, माझ्या गुहेभोवती थोडी मोकळी जागा हवी. तुम्ही ओढ्यापलीकडे जा." बिचारा गेला. त्याच्या बिळाजवळच्या झाडाला पाठ घासून मी हद्दीची खूण केली. समोर पाहतो तर कोल्हा! त्यालाही ओढ्यापलीकडे धाडलं. त्याच्याही पलीकडे हरणं राहत होती. तीही गेली.

हिवाळा आला. अस्वलांनी झोपायचे ते दिवस. पण हद्द एवढी वाढली होती, की मी फक्त पहारा देत फिरलो. झाडं घासून घासून पाठीवर टक्कल पडलं.

बर्फ वितळल्यावर पाहिलं, तर ओढ्यापलीकडे सगळे मिळून काट्यांचं कुंपण घालत होते. एरवी सशाला पाहून जिभल्या चाटणारा कोल्हा त्याच्याच हातात काटे देत होता.

"कुंपण कशाला?" मी ओरडलो.

"तुमची भीती वाटते, अस्वलदादा," ससा म्हणाला.

मी धावत गुहेत आलो आणि बायकोला अभिमानाने म्हणालो, "बघ, मी सांगत नव्हतो? सगळे माझ्याविरुद्ध एक झालेत!"